कार्डावरचं स्टिकर

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीत नोव्हेंबर लागला हे मला दोन गोष्टींवरून कळतं. अंगणातला ओक पानं टाकायला लागतो, आणि ऑफिसच्या एचआरची मेल येते. मेपलचं बरं असतं. तो ऑक्टोबरातच लाल-पिवळा होतो, सगळ्यांकडून फोटो काढून घेतो आणि मोकळा होतो. ओक हट्टी आहे. गल्लीतल्या सगळ्यांची पानं कागदी पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला लागली की मग हा सुरू होतो. त्याची पानं जाड, तपकिरी, पायाखाली करकरणारी. मेलचा विषयही दर वर्षी तोच: ओपन एनरोलमेंट सुरू झालं आहे, पुढच्या वर्षीचा आरोग्य विमा मुदतीच्या आत निवडा.

यंदाची मेल मी शनिवारी सकाळी पाहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेत उभा होतो. बाहेर माझी बायको, अश्विनी, पानं ओढत होती. लांब दांड्याच्या दाताळ्याचा गवतावर खर्र-खर्र आवाज येत होता. मेल उघडायची सोडून मी तो आवाज ऐकत राहिलो. सहा वर्षांपूर्वीच्या एका नोव्हेंबरात हा आवाज सारखा मधेच थांबायचा. मी घरातच होतो, कान शाबूत होते, आणि तरी तो थांबल्याचं मला ऐकू आलं नव्हतं.

त्या नोव्हेंबराचा वास अजून लक्षात आहे. भिजलेल्या पानांचा, तळणीचा, आणि मोसमात पहिल्यांदा हीटर लावला की घरभर पसरतो तो तापलेल्या धुळीचा. आमच्या मराठी मंडळींत दिवाळीचा फराळ आणि विम्याची निवड एकाच सुमाराला येते, म्हणून दोन्ही एकाच बैठकीत उरकायची पद्धत पडली आहे. बैठक आमच्या तळघरात. बायका वर, पुरुष खाली, आणि मधे जिन्यावरून ये-जा करणारी चकल्यांची ताटली. खाली मी लॅपटॉप उघडून बसलेला आणि माझ्याभोवती सात-आठ जण वाकलेले. कारण माझ्याकडे शीट होतं.

शीटबद्दल सांगितलंच पाहिजे. मी मूळचा पुण्याचा, पोटापाण्याला सॉफ्टवेअर, आणि स्वभावाने असा की दोन दुकानांतल्या तुरीच्या डाळीच्या भावाचाही तक्ता करीन. त्या शीटमध्ये पिवळ्या चौकटींत आपली माहिती भरायची की खाली हिरव्या अक्षरांत उत्तर यायचं, कोणता विमा घ्यावा ते. गिरीश नागपूरचा, माझ्याच ऑफिसातला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तो सगळ्यांना सांगायचा, "दादांचं शीट आहे ना, मग आपण कशाला वाचायचं ते चाळीस पानी पीडीएफ? दादा सांगतील ते क्लिक करायचं." मला हे ऐकायला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

शीटमधला पहिलाच प्रश्न होता: वर्षातून किती वेळा डॉक्टरकडे जाता? आणि तळघरातला प्रत्येक पुरुष छाती काढून सांगायचा, "जातच नाही यार." त्यांच्या बायकांचं उत्तरही तेच द्यायचे. बायका तर वर होत्या.

उत्तर बहुतेक एकच यायचं. हप्ता कमी असलेला विमा घ्या, ज्यात सुरुवातीचे काही हजार डॉलर आपल्याच खिशातून जातात, आणि त्याच्या जोडीला मिळणारं आरोग्य बचत खातं उघडा. इथे सगळे त्याला एचएसए म्हणतात. पगारातून पैसे त्यात जाताना कर नाही, आत वाढताना कर नाही, आजारपणावर खर्च करताना कर नाही. वर्ष संपलं म्हणून पैसे बुडत नाहीत, नोकरी बदलली तरी खातं आपलंच. मी हे समजावून सांगताना माझा आवाज कीर्तनकारासारखा व्हायचा, असं अश्विनी म्हणते. आणि मग मी आवाज बारीक करून त्यातली खरी युक्ती सांगायचो: खात्याला हात लावायचा नाही. किरकोळ औषधपाणी खिशातून करायचं, पावत्या जपून ठेवायच्या, आणि पैसे म्हातारपणापर्यंत वाढू द्यायचे. आमच्या पावत्या शंकरपाळ्यांच्या एका चौकोनी डब्यात होत्या. खात्याबरोबर पोस्टाने एक कार्डही आलं होतं, दवाखान्यात पैसे भरायला. त्याच्यावर स्टिकर होतं, वापरण्यापूर्वी या नंबरवर फोन करा म्हणून. चार वर्षं ते कार्ड स्टिकरसकट ड्रॉवरमध्ये पडून होतं. मला त्याचा अभिमान होता.

शीटमध्ये आणखी एक रकाना होता, जो कुठल्याही अमेरिकन माणसाच्या शीटमध्ये सापडणार नाही. त्याचं नाव 'पुणे'. दात, चष्मा, सगळ्या शरीराची तपासणी, जे जे थांबवता येतं ते भारतभेटीवर ढकलायचं. आमच्या फ्रिजवर त्या वेळी एक यादी लावलेली होती: गोडा मसाला, वरची डावी दाढ, साड्यांना फॉल, लेकीचे कुर्ते, माझा गुडघा, केशर. दुखणं आणि खरेदी एकाच यादीत, एकाच अक्षरात, आणि आम्हा दोघांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. डिसेंबरच्या अखेरीची तिकिटं काढलेली होती.

अश्विनी इथल्या एका बालवाडीत शिकवते. त्या वर्षी ती सत्तेचाळीसची होती. उन्हाळ्यापासून तिला दम लागायचा. जिना चढून आली की कपड्यांची बास्केट पलंगावर ठेवून उगीच खिडकीबाहेर बघत उभी राहायची. मला वाटायचं, झाडं बघते आहे. सप्टेंबरात तिने गॅलनभर दुधाच्या कॅनऐवजी अर्ध्या गॅलनचे दोन कॅन आणायला सुरुवात केली. मी तिला कागदावर दाखवलं की अर्ध्या गॅलनला प्रमाणात किती जास्त पडतात. ती हसली आणि म्हणाली, "बरं." पुढच्या आठवड्यात पुन्हा अर्ध्याचाच कॅन. मोठा कॅन तिला उचलवत नव्हता, हे माझ्या कागदावर कुठे येणार?

वर्षातून एकदाची तपासणी आमच्या विम्यात फुकट होती. ती तिने ऑक्टोबरात कॅन्सल केली. मी विचारलं तर म्हणाली, "फुकट आहे ते नुसतं बघणं. त्यांना काही सापडलं की पुढच्या टेस्ट आपल्या खिशातून. वयाचं असतं हे, माझ्या आईलाही व्हायचं. पुण्याला जातोच आहोत." मला आठवतं, मी मनात म्हटलं होतं, किती समजूतदार बायको मिळाली आपल्याला. त्या सुमाराला मी रोज जेवताना खात्यातला आकडा सांगायचो. एक छानसा गोल आकडा डिसेंबरात पूर्ण होणार होता, आणि मी लहान मूल वाढदिवसाचे दिवस मोजतं तसे मोजत होतो.

पॅट आमची शेजारीण. आमच्या आणि तिच्या अंगणात कुंपण नाही, फक्त हा ओक. त्याची निम्मी पानं तिच्याकडे पडतात आणि त्याबद्दल ती मला दर वर्षी एकदा ऐकवते. तेव्हा ती साठीच्या आसपासची होती, शाळेची पिवळी बस चालवायची. एका शनिवारी दुपारी तिने मला गॅरेजपाशी गाठलं. मला वाटलं, पानांवरून बोलणार.

"पानं ओढताना तुझी बायको आज त्या मागच्या पायरीवर तीन वेळा बसली," ती म्हणाली. "गेल्या शनिवारी दोन वेळा. मी मोजलं."

मी म्हटलं, दमते ती, बालवाडीत दिवसभर उभं राहायचं असतं.

"मी बस चालवते. पोरं चढली की मला आरशात दिसतं कोणाला बरं नाही ते. आया म्हणतात ठीक आहे. ठीक नसतं." मग तिने आवाज खाली आणला. "तिचे ओठ बघितलेस का तू? कधी बघितलेस शेवटचे?"

मी गुळमुळीतपणे सांगितलं की सहा आठवड्यांत आम्ही भारतात चाललो आहोत, तिथे सगळ्या टेस्ट करणार आहोत. पॅटने माझ्याकडे असं बघितलं की माझं वाक्य तिथेच संपलं. तिने विमा कोणता आहे विचारलं, मी सांगितला. "माझाही तसलाच," ती म्हणाली. "खातंही आहे. उघडून दिलं त्यांनी. आत काही नाही." आणि मोकळेपणाने हसली. मग तिने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. तिचा खांदा दुखत होता, त्याच्या स्कॅनसाठी तिने सहा ठिकाणी फोन करून भाव विचारले होते. त्याच एका स्कॅनचे सहा वेगळे भाव, सगळ्यांत वरचा खालच्याच्या तिप्पट. मी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस केलेला माणूस. इस्पितळाला भाव विचारता येतो हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. "पण स्कॅन केला का?" मी विचारलं. "नाही," पॅट म्हणाली. "सगळ्यांत खालचा भावही माझ्या ऐपतीच्या वरच निघाला."

आत गेलो तेव्हा अश्विनी सिंकपाशी हात धूत होती. मी तिच्याजवळ जाऊन तिचे ओठ बघितले. पांढरट होते. नखंही तशीच. तेवीस वर्षांच्या संसारात मी तिच्याकडे इतक्या जवळून, इतक्या उजेडात कधी बघितलं असेल कोण जाणे.

"सोमवारी डॉक्टरकडे जायचं," मी म्हटलं.

"अरे, आता सहा आठवडे तर राहिलेत."

"सोमवारी."

तिने नळ बंद केला. टॉवेलला हात पुसत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुझा आकडा पूर्ण होतोय ना डिसेंबरात. मोडायचं जिवावर आलं."

मी खुर्चीवर बसलो. मला तिचा राग आला, मग माझाच आला, आणि मग लाज वाटली. तीच माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. आमची लेक रेवा तेव्हा बॉस्टनला कॉलेजात होती. संध्याकाळी तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, इट्स अ हेल्थ अकाउंट. यू स्पेंड इट ऑन हेल्थ. दॅट्स द होल पॉइंट." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

सोमवारी रक्त दिलं आणि दुपारी डॉक्टरबाईंचा स्वतःचा फोन आला. हिमोग्लोबिन इतकं खाली होतं की आजपर्यंत तुम्ही उभ्या कशा होता, असं त्या अश्विनीला म्हणाल्या. रक्त कुठेतरी आत झिरपत होतं, महिनोन्महिने, थेंबाथेंबाने. पुढच्या तपासणीत मोठ्या आतड्यात गाठ सापडली. तो एक आठवडा आम्ही घरात एकमेकांशी फार हळू बोलायचो. तिकिटं कॅन्सल केली. फ्रिजवरची यादी मी काढून टाकली आणि मग ती कचऱ्यात टाकवेना म्हणून पावत्यांच्या डब्यात ठेवली.

ऑपरेशनच्या सकाळी इस्पितळाच्या नोंदणीच्या टेबलापाशी एक सोनेरी चष्म्याच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी आमच्या वाट्याची रक्कम सांगितली आणि कार्ड मागितलं. मी ते पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, "सर, याचं स्टिकर काढलेलं नाही."

मागे रांग होती. मी तिथेच उभा राहून त्या नंबरवर फोन लावला. जन्मतारीख सांगितली, शेवटचे चार आकडे सांगितले, एक दाबा, दोन दाबा. अश्विनी व्हीलचेअरवर, मांडीवर कोट घेऊन, माझ्याकडे बघत होती आणि चक्क हसत होती. बाई म्हणाल्या, "घ्या वेळ, काही घाई नाही." स्टिकर चार वर्षांत चिकटून बसलं होतं, नखाने खरवडून काढावं लागलं. त्या टेबलापाशी ते खरवडताना मला पहिल्यांदा कळलं की मी चार वर्षं नेमकं कशासाठी साठवत होतो. कार्ड मशीनवर टेकवलं. एक बारीक आवाज झाला आणि माझा गोल आकडा गेला. त्या घटकेला मला जितकं हलकं वाटलं, तितकं तो आकडा वाढताना एकदाही वाटलं नव्हतं.

गाठ अजून आतड्याच्या आतच होती, कुठे पसरली नव्हती. ती काढली आणि काम झालं. सर्जन म्हणाले, "चांगल्या वेळी आलात. उन्हाळ्यापर्यंत थांबला असतात तर आपण आज वेगळं काहीतरी बोलत असतो." पुण्यात डिसेंबरात सापडलंच नसतं का, असं मी स्वतःला कितीदा विचारलं आहे. सापडलंही असतं. पण आमचे पुण्याचे तीन आठवडे मला ठाऊक आहेत. एक लग्न, दोन मुंजी, चौदा घरची जेवणं, आणि तपासणी ढकलत ढकलत निघायच्या आदल्या दिवशी. कुणीतरी लोहाच्या गोळ्या दिल्या असत्या आणि आम्ही त्या सामानात भरून परत आलो असतो.

आता सहा वर्षांनी पुन्हा सगळीकडे या खात्यांचीच चर्चा आहे. ती आणखी लोकांना उघडता यावीत, त्यांत जास्त पैसे टाकता यावेत, सरकारने मदत विमा कंपन्यांना देण्याऐवजी थेट लोकांच्या खात्यात द्यावी, म्हणजे माणूस भाव विचारील आणि इस्पितळं ताळ्यावर येतील, असं म्हणणारे आहेत. मी ते वाचतो आणि माझी मान अर्धी हलते. पॅटचा तो सहा भावांचा कागद मी पाहिला आहे, त्यात तथ्य आहे. त्या खात्याने आमच्या वाईट दिवसांत कुणापुढे हात पसरायची वेळ आणली नाही, हे मी विसरणार नाही. पण त्याच नोव्हेंबरात एका ओकच्या दोन बाजूंना दोन बायका राहत होत्या. एकीचं खातं रिकामं होतं आणि एकीचं भरलेलं, आणि दोघीही डॉक्टरकडे जायचं टाळत होत्या. ही गोष्ट ज्या सुधारणेच्या हिशेबात बसेल, ती मला पटेल. ती कशी करायची ते मला माहीत नाही. मी शीट करणारा माणूस आहे, आणि माझ्या शीटमध्येही ती बसली नव्हती.

पॅटला पासष्ट पूर्ण झाल्यावर सरकारी विमा मिळाला आणि तिने पहिल्या महिन्यात खांदा दाखवला. खांद्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने तिला वाटी उचलायलाही बंदी होती. अश्विनी रोज तिला जेवण पोचवायची. पॅटला आता वरणभात लागतो, वर लिंबू पिळून. आभार मानायला गेलं की ती पानांची तक्रार काढते. तिच्यापाशी मला ते आजवर नीट मानता आलेले नाहीत, म्हणून इथे मानतो. आरशात बघून मोजणारी एक बाई आमच्या शेजारी राहत होती, यापरता माझ्याकडे दुसरा कुठलाच विमा नव्हता.

तर या शनिवारी मी चहा घेत खिडकीशी उभा होतो आणि गिरीशचा फोन आला.

"दादा, मेल आली बघा. शीट पाठवा ना."

"पाठवतो. पहिला प्रश्न बदललाय या वर्षी. स्पीकरवर टाक, स्नेहललाही ऐकू दे." स्नेहल त्याची बायको.

"टाकला. बोला."

मी वाचून दाखवला. "या वर्षी डॉक्टरकडे जायला हवं होतं आणि गेला नाहीत, असं किती वेळा झालं?"

"झीरो," गिरीश लगेच म्हणाला, तळघरातल्या त्याच आवाजात.

त्याच्या मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"माझं दोनदा," स्नेहल म्हणाली.

"कधी?" गिरीशचा आवाज एकदम लहान झाला. "तू बोलली नाहीस."

"विचारलं कोणी?"

मी गिरीशला म्हटलं, "शीट राहू दे आज. तिच्याशी बोल." आणि फोन ठेवला.

ठेवल्यावर लक्षात आलं, बाहेरचा आवाज बंद झाला होता. खर्र-खर्र येत नव्हतं. किती वेळ झाला होता कोण जाणे. मी कप तसाच ठेवला आणि सपाता न घालता, मोज्यांवरच, मागच्या दाराने बाहेर पडलो. आधी पायरीकडे बघितलं. पायरीवर कोणी नव्हतं.

अश्विनी ओकखाली उभी होती, ताठ, गाल थंडीने लाल झालेले. सगळं अंगण तिने एकटीने ओढून काढलं होतं आणि पानांचा कमरेएवढा ढीग केला होता.

"कधीची हाका मारतेय," ती म्हणाली. "पिशवी धर ना."

मी पिशवी धरली.